निम्म्या रेघा

हे मी घरातही कधी बोललेलो नाही. विजयाचं नाव निघालं की मी उठून गॅलरीत जातो; बायकोला वाटतं, मला वाईट वाटतं म्हणून. वाईट वाटतं, खरं आहे. पण उठतो तो त्यासाठी नाही.

आज तुम्हाला सांगतो. मात्र जरा मागून यावं लागेल.

आम्ही घाटकोपरला राहतो. विजया आमच्या खालच्या मजल्यावरच्या परबांची मुलगी. परबांची गिरणी बंद पडून काही वर्षं झाली होती, ते कुठेतरी वॉचमन होते. विजया नर्सिंग शिकत होती. तिला नोकरी लागली की घर सावरणार, हे सगळ्या बिल्डिंगला ठाऊक होतं.

मुलगी हुशार. आजारांची लक्षणं, औषधं, कशाला काय द्यायचं, सगळं तोंडपाठ. भीती एकच — औषधांच्या मात्रेची गणितं. आणि मी हिशोबखात्यातला, आकड्यांत न चुकणारा माणूस. शिवाय माझ्या आईला डायबेटिस. तिला रोज सकाळी इन्सुलिन मीच टोचत असे. म्हणून परीक्षेआधी विजया हॉस्टेलमधून घरी आली की दोन मैत्रिणींना घेऊन रविवारी दुपारी आमच्याकडे उजळणीला बसायची.

इथे एक गोष्ट समजावून सांगायला हवी. तेव्हा इन्सुलिन दोन ताकदींचं मिळे. बाटलीवर चाळीस लिहिलेलं असे, नाहीतर ऐंशी — एका मिलिलिटरमध्ये तेवढे युनिट. आमच्या काचेच्या सिरिंजवर मात्र नुसत्या रेघा. चाळीसच्या बाटलीतून भरलं तर एक रेघ म्हणजे दोन युनिट, ऐंशीच्या बाटलीतून भरलं तर चार. मला यातलं अर्धंच माहीत होतं. आमच्याकडे कायम चाळीसची बाटली यायची. ऐंशीची असते, हे मी कधी ऐकलंच नव्हतं. आणि तरी मी मुलींना ऐटीत सांगितलं, "एवढी मांडामांड कशाला करता? डॉक्टरांनी लिहिलेल्या युनिटांचे निम्मे करा, तेवढ्या रेघा भरा. संपलं!"

"झकास, काका!" विजया म्हणाली. "आमच्या ट्यूटर तर फळा भरून टाकतात."

"त्यांना खडू फुकट मिळतो ना," मी म्हटलं. तिघी किती हसल्या.

इथवर ती चूक होती. नुसती चूक — माणसाची होते.

मग एकदा दुकानात चाळीसची बाटली संपली होती. दुकानदाराने दुसरी बांधून दिली. घरी येऊन सवयीने लेबल वाचलं आणि हातातली सिरिंज खाली ठेवली. ऐंशी. मांडून पाहिलं, पुन्हा मांडून पाहिलं. माझ्या रीतीने आईला दुप्पट इन्सुलिन गेलं असतं. दुप्पट गेलं तर काय होतं, हे त्या मुलींनीच मला म्हणून दाखवलं होतं — घाम, थरथर, बरळणं, मग बेशुद्धी.

आईसाठी मी जागच्या जागी हिशोब सुधारला. आणि मुलींसाठी?

पुढच्या रविवारी सांगायचं ठरवलं होतं. पण विजया दारातूनच ओरडली, "काका, काल वर्गात सगळ्यांच्या आधी माझं उत्तर! आता तुम्हीच आमचे सर हां." मग कसं सांगणार? — नाही, असं लिहिणं बरोबर नाही. कसं नाही सांगणार? एक वाक्य होतं. बाटली बघत जा गं. एवढंच. त्याऐवजी मी काविळीवरचे प्रश्न विचारत बसलो. मनाशी म्हटलं, वॉर्डात शिकवतीलच. म्हटलं, परीक्षा झाली की सांगू. परीक्षा झाली, तिघी पास झाल्या, आणि विजयाने आणलेला पेढा मी खाल्ला.

त्यानंतर एका सकाळी वॉर्डात विजयाने एका बाईंना इन्सुलिन दिलं. बाटली ऐंशीची होती. तपासून बघणारी सिस्टर दुसऱ्या पेशंटकडे धावली होती. विजयाने निम्म्या रेघा भरल्या. न्याहारी यायच्या आत त्या बाई बेशुद्ध पडल्या. शिरेतून ग्लुकोज दिलं. आमच्या कानावर आलं तेव्हा त्या शुद्धीवर आलेल्या नव्हत्या. पुढे त्यांचं काय झालं? मी विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

हॉस्पिटलमधून पालकांना बोलावणं आलं. परब वर आले. "भाऊ, माका थंय बोलूक जमाचा नाय. तुमी चला."

गेलो.

ट्यूटरबाईंच्या खोलीत विजया भिंतीला लागून उभी होती. परबांनी माझी ओळख करून दिली — हे भाऊ, हेच तिची उजळणी घेतात. बाईंनी विजयाला विचारलं, "हे निम्मे करायचं कुठून काढलंस?"

"माझंच आहे, मॅडम," ती म्हणाली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

बाई माझ्याकडे वळल्या. आवाज शांत होता. "हिला कुणी चुकीचं शिकवलं असेल, तर ती गोष्ट वेगळी. मी हिला पुन्हा शिकवीन. पण माहीत असून बाटली बघितली नसेल, तर ही इथे राहणार नाही. तुम्ही सांगा. हिला माहीत होतं?"

आता विजयाने वर पाहिलं. आशेने पाहिलं, हे मला सांगितलंच पाहिजे.

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं, मॅडम. दोनदा. हिचं लक्ष नसतं."

दोनदा. तो आकडा मी का घातला? — खरं वाटावं म्हणून.

बाईंनी विजयाला टोपी काढून टेबलावर ठेवायला सांगितली. तिने पिना एकेक करून काढल्या. माझं नाव तिने घेतलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

बाहेर आल्यावर परबांनी माझ्यापुढे हात जोडले. डोळे भरले होते त्यांचे. "भाऊ, तुमी येवढा शिकवलात, आनि चेडवान तुमचा नाव घालवल्यान. माफ करा आमका."

विजया आमच्या मागेच उभी होती. मी परबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "असू दे हो. लहान आहे."