घोड्याच्या घरातलं प्यादं

भाऊंचं प्यादं पहिल्या खेळीला कधीही दोन घरं गेलं नाही. स्पर्धेत तशी मुभा असते हे ठाऊक असूनही केळव्याचे भाऊ राजापुढचं प्यादं एकच घर सरकवत आणि हात मांडीखाली दाबून बसत. "धावून काय करायचा? पानवेल काय एका दिवसात मांडवावर जाते?" असं वर मलाच ऐकवत. मी बोईसरच्या कारखान्यात नोकरीला, सुरुवातीच्या खेळ्या पुस्तकांतून घोकलेला. दर रविवारी त्यांच्या वाडीत जाऊन मार खाऊन यायचो.

त्यांचं बुद्धिबळ गावच्या ओट्यावरचं. तिथे प्यादं शेवटच्या घरात पोचलं की ते घर ज्याचं, तेच मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात हत्ती, घोड्याच्या घरात घोडा. स्पर्धेत कुठेही वजीर घेता येतो हे मी सांगितलं, तेव्हा म्हणाले, "ही तर फुकटची बढती हाय."

जिल्ह्याच्या संघातून एकदा तरी खेळायचं, एवढीच त्यांची हाव. बोईसरच्या स्पर्धेत शेवटचा डाव जिंकला असता तर जागा पक्की होती. बरोबरी पुरणार नव्हती. समोर तारापूरचा तरुण इंजिनीअर. भाऊंच्या सुरुवातीला हसून त्याने मुसंडी मारली आणि त्या भरात मोहरी घालवत गेला. शेवटी त्याचा राजा एकटा उरला. भाऊंकडे राजा आणि एक प्यादं. पण भाऊंच्या घड्याळात जेमतेम एक मिनिट उरलं होतं. प्यादं शेवटच्या घरात शिरलं, ते घर घोड्याचं. भाऊंनी ते उचललं आणि झटकन तिथे घोडा ठेवला.

एकट्या घोड्याने मात होत नाही. पंच काही बोलायच्या आत इंजिनीअरच कळवळून म्हणाला, "काका, तुम्हाला वजीरच ठेवायचा होता ना? ठेवा, माझी हरकत नाही."

"नाय. माझ्या हातानं घोडा बसवला, तर घोडाच."

पंचांनी बरोबरी दिली.

परतताना भाऊ गाडीवर माझ्या मागे बसले होते. मी नियमांना, घड्याळाला, सगळ्यांना शिव्या घालत होतो. पालघरच्या अलीकडे चहाला थांबलो, तेव्हा त्यांनी विचारलं, "वजीर बसवला असता तर जिंकलो असतो ना?"

"हो, भाऊ."

"मग झाला तर. खेळता येतो मला."

पुढच्या निवडीआधीच भाऊ गेले. त्यांच्या दिवसकार्याला माझे डोळे कोरडेच राहिले. यंदा मी संघात निवडला गेलो. जिल्ह्याचं नाव छापलेला टी-शर्ट हातात पडला, आणि मला रडू आवरेना.