वसुधाताईंचं गाव

"आमच्या गावात या महिन्यात दोन माणसं कमी झाली रे," हे मी ऐकलेलं वसुधाताईंचं पहिलं वाक्य. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टच्या त्या घराच्या वरच्या खोलीत मी नुकताच राहायला आलो होतो, आणि खाली मिरजेच्या एक बाई राहतात एवढंच मला ठाऊक होतं. करोनाचे दिवस. मी दारातूनच चेहरा पाडून म्हणालो, "अरेरे! मिरजेत का?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मिरजेत कशाला? फिनलंडमध्ये."

वसुधाताई लोकसंख्येच्या अभ्यासक. फिनलंडच्या आतल्या भागातलं एकच लहानसं गाव त्यांनी वीसेक वर्षं धरून ठेवलं होतं. गाव तरी कसं म्हणायचं? क्षेत्रफळ आपल्या तालुक्याएवढं आणि माणसं मात्र पुण्यातल्या एखाद्या मोठ्या सोसायटीत मावतील इतकी. त्यांच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्याचा नकाशा होता, जमिनीपेक्षा पाणीच जास्त असलेला. तळी, जंगल, एक चर्च, एक दुकान, बंद पडलेली शाळा. प्रत्येक घराशेजारी पेन्सिलीनं नावं लिहिलेली, शंभर-दीडशे वर्षांपूर्वीपासूनची. तिथली पंचायत लोकसंख्येचा आकडा दर महिन्याला वेबसाइटवर टाकी आणि ताई तो आपल्याकडे लोक सोन्याचा भाव बघतात तशा बघत.

मी बटाट्याच्या भाजीला नाक मुरडलं की त्या म्हणत, "आमच्या गावानं दुष्काळात झाडाच्या सालीच्या भाकऱ्या खाल्ल्यात. गप जेव." त्या दुष्काळानंतर गावातली माणसं पोटामागे बाहेर पडली, कुणी अमेरिकेला, कुणी पुढे स्वीडनच्या कारखान्यांत. न कळवता गेलेल्यांची नावं चर्चच्या वहीतून खोडत नसत. मागच्या पानांवर 'गैरहजर' म्हणून उतरवत, आणि वर्षानुवर्षं तशीच पुढच्या वहीत नेत. ताईंना ती पानं फार आवडायची. "नाव खोडायचं नाही. गावाच्या हातात तेवढंच असतं," असं त्या म्हणत. आणि मला संशोधनाची युक्ती म्हणून सांगत, "माणूस सापडेना झाला, की त्याचा शेजारी शोधायचा."

त्यांची आई मिरजेत एकटी राहायची. वय चौऱ्याऐंशी. रोज अकराला ताई फोन लावत. साडेदहापासूनच त्या धुतलेला ओटा पुन्हा पुसायला लागत, आणि आईचा "हॅलो" ऐकू आला की खुर्चीत बसत. विमानांचा भरवसा नव्हता. दुसऱ्या लाटेत मिरज-सांगलीच्या बातम्या ऐकून मीही रोज घरी फोन लावायला लागलो. माझे आईबाबा पुण्यात होते.

एप्रिलमधल्या एका सकाळी फोन उचलला गेला नाही. बाराला नाही, एकलाही नाही. दुसऱ्या दिवशी फोन बंद लागायला लागला. ताईंनी मला खाली बोलावलं. त्यांनी एक कोरा कागद समोर ओढला. "घाबरायचं नाही. शेजारी शोधू या."

त्यांनी आपली गल्ली काढली. आईचं घर, समोर कडुनिंब, कोपऱ्यावर गिरणी. मग नावं लिहायला लागल्या. शेजारी जोशी मास्तर, ते वारले. पलीकडे शिकलगार, ते घर विकून गेले. मागे आता तीन मजली इमारत झालीय असं आई म्हणाली होती. तिथं कोण राहतं? पेन्सिल थांबली. मी भिंतीवरच्या नकाशाकडे बघायचं टाळलं, पण त्यांनीच बघितलं.

"तिथल्या गाई-घोड्यांचीसुद्धा नावं सांगेन मी तुला," त्या म्हणाल्या. "आणि माझ्या आईच्या भिंतीपलीकडे कोण राहतं ते मला माहीत नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा."

शेवटी गिरणी सापडली. इंटरनेटवर त्या गल्लीचा कुणीतरी टाकलेला फोटो होता आणि त्यात गिरणीच्या पाटीवर नंबर होता. गिरणीवाला म्हणाला, "काकूंच्या घराला कुलूप दिसतंय. थांबा, आमच्या आशाताईंना विचारतो. गल्लीतलं प्रत्येक घर त्यांच्या वहीत आहे." तासभर आम्ही फोनची वाट बघत बसलो. चहा केला आणि तसाच निवू दिला.

फोन वाजला. मी स्पीकर लावला.

"आशा कार्यकर्ती बोलतेय. काकूंना ताप होता, शाळेतल्या सेंटरला नेलंय. फोन घरातच राहिला बघा. आता बऱ्या आहेत, सकाळी पेज खाल्ली. पण ताई, तुमच्या घरात माझ्या वहीत दोन माणसं आहेत."

"दोन?" ताई म्हणाल्या.

"काकूंनीच लिहायला लावलं. दुसऱ्या माणसाचा ताप बघायला मी दोनदा येऊन गेले. काकू म्हणतात, बाहेर गेलीय, येईल. ते दुसरं माणूस तुम्हीच काय?"

वसुधाताईंनी फोन माझ्याकडे दिला. बाई आजवर माझ्यासमोर कधी रडल्या नव्हत्या. त्या दिवशी त्या ओट्याला टेकून लहान मुलीसारख्या रडल्या.

विमान मिळताच त्या गेल्या. नोकरी सोडली. भिंतीवरचा नकाशा मला दिला, गल्लीचा कागद मात्र बरोबर नेला. स्टेशनवर मला म्हणाल्या, "तुझ्या आईबाबांच्या शेजारी कोण राहतं रे?" मी जरा विचार करून म्हणालो, "बहुतेक देशपांडे." त्या गाडीत चढल्या. घरी येऊन मी फोन केला. देशपांडे तीन वर्षांपूर्वीच घर सोडून गेले होते.

मिरजेत त्यांना आईबरोबर दहा महिने मिळाले. काकू झोपेतच गेल्या. मी सांत्वनाला फोन केला तेव्हा ताईच बोलत राहिल्या. गल्लीचा कागद आता पूर्ण भरलाय, तीन मजली इमारतीत कोण कोण राहतं, गिरणीवाल्याला मुलगी झाली.

"काल आशाताई आली होती," त्या म्हणाल्या. "लशीची नोंद करायला. दारातूनच विचारलं, घरात माणसं किती."

"मग?"

"दोन म्हटलं. तिला माहीत होतं रे सगळं. तरी तिनं दोनच लिहिलं."