आक्का काट्यावर चढली नाही

शिवम्मा माझी थोरली बहीण. आम्ही तिला आक्का म्हणतो. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, तिनं उभी हयात धान्य चाळलं. भरली चाळणी दिवसभर हलवायला अंगात जोर लागतो. आक्काचं अंग तसंच आहे. दारातून शिरली की दार भरतं.

जन्मली तेव्हा मात्र काडी होती. जगेल असं कुणाला वाटेना. आमचं गाव देगलूरकडचं. आईनं गावच्या महादेवाला बोलून ठेवलं, पोरगी वाचली तर तिच्या भाराचा गूळ वाटीन. आक्का वाचली. देवळात तराजू टांगला. एका पारड्यात आक्का, दुसऱ्यात गुळाच्या ढेपा. अंदाजापेक्षा गूळ जास्त लागला, तेव्हा आई आनंदानं रडली. मी तेव्हा जन्मलोही नव्हतो, पण हे आक्काच्या तोंडून इतकं ऐकलंय की पाहिल्यासारखं वाटतं.

माझा मुलगा पंचाक्षरी बेंगळुरूला असतो. त्याला मुलगी झाली. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आक्काचा. बारसं सकाळी होतं. त्यानं आम्हा दोघांची आदल्या दिवशीची, नांदेडहून, विमानाची तिकिटं काढली. कंपनी नवी, विमान लहान. ठरलेल्या वजनाच्या वर माणूस भरला तर जादा भाडं, असा नियम. तो मी आक्काला विमानतळावर जाताना ऑटोत सांगितला.

"तुला पटतंय का रे नरसू?" तिनं विचारलं.

मी नांदेडच्या मोंढ्यात हमाली केली. जड पोत्याचे जास्त पैसे मी स्वतः मागून घेतलेत. म्हणालो, "ओझं तसं भाडं, आक्का. विमानाला तेल लागतं."

"पोत्याला नाव असतंय का?" म्हणाली, आणि बाहेर बघत बसली.

काउंटरवर साक्षी नावाची मुलगी होती. बोलायला नीट. माझं वजन केलं. हलका भरलो. मग आक्काला म्हणाली, "आजी, या."

"बारदान वजा करणार का?" आक्कानं विचारलं. मोंढ्यात रिकाम्या पोत्याचं वजन मालातून वजा करतात, ते बारदान. "हे लुगडं, ह्या पाटल्या, ही पिशवी?"

मुलगी हसली. "तसं नसतं आजी."

"मग माझं बी तसं नसतंय. मला एकदा मोजलंय देवापुढं. आता न्हाई."

मागचा एकजण म्हणाला, "मावशी, दोन सीटा घ्या की. पाय पसरून बसा."

"तुझी जीभ ठेव काट्यावर," आक्का मागं न बघता म्हणाली. "जादा भाडं तुलाच बसंल."

मी मध्ये पडलो. म्हणालो, "आमचं दोघांचं मिळून धरा. मी हलका हाय. आमच्या हमालांच्या टोळीत म्हातारा माणूस कमी पोती उचलायचा, पण वाटणी सगळ्यांना सारखी."

"काका, सिस्टीम घेत नाही."

पंचाक्षरीला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "आत्या, मी आत्ता भरतो पैसे. चढा काट्यावर."

"पैशाचा सवाल न्हाई, बाळा. तुझ्या आत्याला माल धरून राहिलेत हे."

"आणि बारसं? रेल्वेनं वेळेत पोचणार नाही तुम्ही."

"पाळणा थांबव. थांबत नसंल तर दुसऱ्या कुणाकडून नाव ठेव. मी काट्यावर चढायची न्हाई."

हा मान तिला किती हवा होता ते मला माहीत होतं. तरी तिनं पिशवी उचलली.

माझा बोर्डिंग पास माझ्या हातात होता. तेल जास्त लागतं हे खरंच आहे. पण पोतं मी उचलायचो. आक्का स्वतःला उचलून इथवर आली होती, आणि त्याच अंगानं तिनं पोरं वाढवली. बॅगेचं वजन करा, ती माणूस भरून आणतो. हाडं कुणी भरून आणत नाही. मी पास काउंटरवर ठेवला आणि तिच्यामागं निघालो.

रेल्वेनं निघालो, हैदराबादला गाडी बदलली. बसून बसून पाठ धरली. बेंगळुरूला पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवशीची दुपार झाली होती. हॉल रिकामा झाला होता, पाहुणे जेवून गेले होते. पंचाक्षरीच्या घरी पाळणा बांधलेला, बाळ आईच्या मांडीवर. नाव ठेवलेलं नव्हतं.

पंचाक्षरी रागावलेलाच होता. "आत्या, सगळ्यांची बोलणी खाल्ली मी."

"मी जन्मभर खाल्ली," आक्का म्हणाली. "पचतात."

ती वाकली. बाळाच्या कानात म्हणाली, "अक्षरा." मग पंचाक्षरीला हुकूम सोडला, "खालच्या किराणावाल्याचा तराजू आण. आणि गूळ."

तराजू घेऊन किराणावालाच वर आला. एका पारड्यात दुपट्यासकट अक्षरा, दुसऱ्यात गूळ. पारडी बरोबरीला आली. आक्कानं वर एक मोठा खडा ठेवला आणि गुळाचं पारडं खाली बसलं.

"आजी, जास्त झालं," किराणावाला म्हणाला.

"होऊ दे," आक्का म्हणाली, आणि गूळ फोडायला बसली.