भिंतीपलीकडचा ब्रिज

ब्रिजच्या नादाला लागलेली माणसं मी पुष्कळ बघितलीत, पण एकही पत्ता न बघता ब्रिजच्या प्रेमात पडलेलं माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच, आणि ते म्हणजे आमच्या लातूरच्या घरमालकीण काकू. पुण्याकडच्या लोकांना वाटतं, ब्रिज हा क्लबातल्या साहेबलोकांचा खेळ. आमच्याकडं तो पारावर बसतो, तंबाखू मळतो आणि जोडीदारानं चुकीचं पान टाकलं की त्याच्या सात पिढ्या काढतो. काका, म्हणजे काकूंचे मालक, असेच मुरुडला पारावर शिकले, आणि गुरांच्या दवाखान्यातल्या नोकरीसोबत तो खेळ लातूरला घेऊन आले. तीस वर्षं रोज संध्याकाळी पाच ते सात त्यांच्या बैठकीत चौघंजण बसायचे. काका, एक वकीलसाहेब, घड्याळवाले चाचा आणि शाळेतून रिटायर झालेले पीटीचे मास्तर. आणि तीस वर्षं भिंतीच्या ह्या बाजूला, स्वयंपाकघरात, पाटावर काकू.

मी मूळचा हदगावचा, त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. अंगात गुण एकच, दुसऱ्यांचे आवाज काढणं. शाळेत त्याच्यावर मार खाल्ला, लातुरात त्याच्यावरच जेवलो. ऑटोवर भोंगा लावून ‘खुशखबर, खुशखबर’ करत फिरतात ना, त्यातली निम्मी खुशखबर माझी. रेकॉर्डिंग झालं की मी ते आधी काकूंना ऐकवायचो, कारण काकूंच्या कानासारखा कान मी दुसरीकडं बघितला नाही. गल्लीत स्कूटर वळली की कोणाची आहे ते तर कोणीही सांगेल. काकू सांगायच्या, आज मागं बायको बसलेली नाही, भांडण झालेलं दिसतंय. एकदा मी इलेक्शनची जाहिरात ऐकवली. जीव ओतून बोललो होतो. काकू भाकरी थापता थापता म्हणाल्या, “चांगलं हाय. पण ह्याला तू स्वतः मत देणार न्हाईस.” खरंच देणार नव्हतो. तो माणूस पडला, आणि काकूंनी ते माझ्यावर ढकललं.

त्या घरात एक गोष्ट मला सुरुवातीला कळायची नाही. संध्याकाळची भाजी फार अडखळत व्हायची. तेल तापलेलं असायचं, मोहरी हातात असायची आणि काकू तशाच पुतळ्यासारख्या उभ्या. मग अचानक चर्रर्र. मिक्सर मध्येच बंद, कुकरची शिट्टी चिमट्यानं धरलेली. मला वाटलं, बाईंना पत्त्यांचा त्रास होतो. काकांनाही तसंच वाटायचं. ते चाचांना सांगायचे, “आमच्या घरात ह्या खेळाचा लई राग हाय, जरा हळू बोला.” आणि काकू आत कपाळाला हात लावायच्या, कारण हळू बोललं की ऐकू यायचं नाही.

एक दिवस मी पाण्याची बाटली भरायला खाली आलो तर काकू परातीपुढं बसलेल्या. परातीच्या चार बाजूंना डाळींचे चार ढीग आणि प्रत्येक ढिगात तूर, मूग, मसूर, उडीद, सगळ्याची भेसळ.

“डाळ निवडून राहिल्या का काकू?”

“हाव.”

“मग चारी डाळी एकात का केल्या?”

“गप बस. वकीलसाहेब बोलून राहिले.”

भिंतीपलीकडून वकीलसाहेब म्हणाले, “दोन इस्पिक.” काकूंनी दोन सेकंद विचार केला, आणि एका ढिगातून उडदाचे तीन दाणे उचलून शेजारच्या ढिगात टाकले. मी तिथंच खाली बसलो.

हळूहळू सगळं बाहेर आलं. इस्पिक म्हणजे उडीद, बदाम म्हणजे मसूर, चौकट तूर आणि किलवर मूग. एक्का, राजा, राणी, गुलाम म्हणजे अख्खे दाणे, बाकी सगळी डाळ. परातीच्या चार बाजू म्हणजे चार माणसं. ब्रिजमध्ये आधी बोली लागते, हुकूम कोणता आणि किती हात करणार त्याची. काकू ती बोली ऐकून कोणाकडं काय असेल ते परातीत मांडायच्या. मांडलं ते बरोबर की चूक? त्याची सोय काकांनीच केलेली होती. प्रत्येक डाव संपला की काका मास्तरांवर ओरडायचे, “तुमच्याकडं चौकटचा राजा होता, किलवर एकच होतं, मग थांबलात कशाला?” काकू आत परात तपासायच्या. पहिली काही वर्षं सगळं चुकत गेलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की माणूस शब्दांनी सांगतो ते थोडंच असतं. चाचांच्या हातात हुकमाचं चित्राचं पान असलं की ‘पास’ म्हणायच्या आधी त्यांची जीभ टाळूला चिकटून सुटते. वकीलसाहेब खोटं बोलायचं असलं की जास्त स्पष्ट बोलतात. मी चौघांचे आवाज काढून काकूंना घोळात घ्यायला बघायचो. “वकिलांचा बरा जमलाय,” त्या म्हणायच्या, “पण तुझ्या हातात पत्ते न्हाईत, ते कळतंय.”

“काकू, एकदा बाहेर जाऊन बसा की.”

“बोलावल्याशिवाय?” त्यांनी डाळ गोळा करायला घेतली. “चार खुर्च्या हायत अन् चार माणसं हायत.”

एवढंच म्हणाल्या, पण त्या दिवशीची डाळ त्यांनी नंतर कितीतरी वेळ निवडली.

मग मास्तर पोराकडं पुण्याला कायमचे गेले. खुर्ची रिकामी झाली. काकू दोन दिवस चांगलं लुगडं नेसून चहा घेऊन बाहेर गेल्या, कप ठेवताना जरा जास्त थांबल्या. तिसऱ्या दिवशी काकांनी वरच्या जिन्याकडं बघून हाक मारली आणि मास्तरांच्या खुर्चीत मला बसवलं. मला ब्रिजमधलं ओ का ठो येत नव्हतं. काकूंच्या हातचा चहा त्या दिवशी बिनसाखरेचा आला, आणि फक्त मलाच.

आठवडाभर मी काकांचा जोडीदार म्हणून शिव्या खाल्ल्या. एका संध्याकाळी मी चार बदाम बोलून बसलो. काकांनी आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले, कारण बोली माझी, खेळायचं मी. हुकमाची राणी कुठं दिसेना. वकिलांकडं धरली तर एका बाजूनं खेळायचं, चाचांकडं धरली तर दुसऱ्या. मला सवय तोंड चालवायची. मी आपला पीटी मास्तरांच्या आवाजात म्हणालो, “राणी, कुठल्या रांगेत उभी हायस तू?”

“चाचांकडं हाय,” स्वयंपाकघरातून आवाज आला. “वकिलांकडं बघूच नको.”

चाचांनी आपल्या हातातल्या पत्त्यांकडं बघितलं, मग मागं वळून भिंतीकडं बघितलं, कुठं भोक आहे का म्हणून. मग बदामाची राणी काढून टेबलावर ठेवली.

“भाभी,” ते म्हणाले, “तीस बरस आमी उघडे पत्ते घेऊन खेळलो म्हणा की.”

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. काकांनी चष्मा काढला. “तुला येतं?”

“येतं.”

“कोणी शिकवलं?”

“तुम्हीच. मास्तरांवर ओरडत नव्हता का रोज?”

काकांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, “अन् चहा कोण करणार?”

काकू वळल्या आणि आत गेल्या. मला वाटलं, संपलं. आतून गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज आला, आणि त्या पदराला हात पुसत परत आल्या. मी पटकन खुर्ची सोडली. “चहा मी करतो,” म्हणालो, आणि माझ्या हातचा चहा त्या घरात त्यानंतर लई बदनाम झाला.

काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा तेरा पत्ते हातात घेतले. पंखा करता येईना, दोन खाली पडले. मग एका पानाकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, “किलवर काळा असतो व्हय?” तीस वर्षं त्यांच्या डोक्यात किलवर मुगासारखा हिरवा होता.

त्या दिवशी त्या हरल्या. पुढं महिनाभर हरल्या. कारण आता तिघंही सावध झाले होते. वकीलसाहेब कोर्टात पुढची तारीख सांगावी तसं बोलायला लागले. चाचा एकेक शब्द घड्याळाच्या काट्यासारखा टाकायचे. काकूंनी नीट ऐकायला डोळे मिटले, तर चाचा विचारायचे, “भाभी, झोप आली काय?” आणि काकांनी तर आपला आवाज इस्त्रीच करून टाकला. खेळातच नाही, दिवसभर.

“आधी ते ‘दोन चौकट’ म्हणाले की मला कळायचं,” काकू मला एकदा म्हणाल्या. “पोरीचा फोन आला न्हाई, बीपी वाढलंय, सायबानं बोललेलं लागलंय. तोंडानं मला ते मीठ कमी हाय एवढंच सांगतात. आता ते बी सपाट आवाजात. मी बहिरीच झाले बघ.”

“मग परत आत बसा. मी हाय की चौथा.”

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, की मी कप उचलायला लागलो.

“आत बसून चौघांचे पत्ते कळायचे रे मला,” त्या म्हणाल्या. “पण त्यात माझे कुठं होते?”

मी आता नांदेडला असतो. मागच्या महिन्यात लातूरला गेलो तेव्हा बरोबर पाचला पोचलो. काकांनी पत्ते वाटले, काकूंनी आपली तेरा पानं उचलली आणि सावकाश लावली, एकेक रंग वेगळा, कोणी घाई केली नाही. समोर काका. त्यांनी त्याच सपाट आवाजात सांगितलं, “एक नोट्रम,” म्हणजे हुकूम कोणताच नाही. वकीलसाहेब पास म्हणाले. काकू नवऱ्याकडं बघत राहिल्या.

“बरं वाटत न्हाई का तुम्हाला?”

“बोली चालू हाय. मध्ये असं विचारायचं नसतं.”

“मग कधी विचारू?”

वकीलसाहेबांनी छताकडं बघितलं. काकांनी पत्ते जुळवले, परत उघडले, परत जुळवले आणि टेबलावर पालथे ठेवले.

“गुडघा दुखून राहिलाय,” ते म्हणाले. “सकाळपासून.”

“दोन बदाम,” काकू म्हणाल्या.

चाचांची पाळी होती. ‘पास’ म्हणायच्या आधी त्यांची जीभ टाळूला चिकटून सुटली.