खलीलचा बांध

लोहाऱ्याहून सलमाचा, खलीलच्या मुलीचा, फोन आला. "काका, अब्बा गेले," ती म्हणाली... पुढचं मला नीट ऐकूच आलं नाही. त्याला आता महिना होत आला. डोळ्यांपुढं येतो तो म्हातारा खलील नव्हे. विजार गुडघ्यापर्यंत दुमडलेला, चिखलानं माखलेला, इंजिनिअरिंग कॉलेजातला माझा दोस्त.

मराठवाडा नव्या महाराष्ट्रात येऊन थोडीच वर्षं झाली होती. उन्हाळ्याच्या सुटीत आम्ही काही विद्यार्थी बेंबळीच्या पुढं एका वाडीवर श्रमदानाला गेलो. ओढ्यावर मातीचा बांध घालून पावसाचं पाणी अडवायचं, म्हणजे खालच्या विहिरींना ते पाझरेल, असा बेत. बांधासाठी वाडीतल्या गंगूमावशीनं आपल्या शेताची पट्टी दिली. बांध झाला, हारतुरे झाले, आम्ही परतलो... आणि श्रावणात तो फुटला. मावशीचं उभं पीक वाहून गेलं.

दिवाळीच्या सुटीत सगळे घरोघर निघाले. खलील मात्र माझा दंड धरून म्हणाला, "चल. तोंड तर दाखवायला पाहिजे."

मावशी अंगणातच होती. आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाली, "आता रडायचं का बांधायचं?"

"बांधायचं, मावशी," खलील म्हणाला.

"मग आधी भाकर खावा, अन् लागा कामाला."

चूक खलीलनं हुडकली होती. बांधाखालच्या मुरमातून पाणी झिरपलं आणि पाया पोकळ झाला. या खेपेला खडक लागेपर्यंत चर खणला, त्यात चिकण काळी माती भरली, आणि ती आधी आम्ही, मग बैलांनी तुडवली. वर्गात घोकलेला धडा आमच्या पायांना तिथं कळला. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मग मावशीचे बैल आले, आणि हळूहळू आख्खी वाडी.

पुढचा पावसाळा बांधानं झेलला. त्यानंतरच्या वैशाखात गेलो, तर मावशीच्या विहिरीवर मोट चालली होती! तिनं घागर भरून आणली. "धर ओंजळ," ती खलीलला म्हणाली. "पी. लई ग्वाड हाय." निम्मं पाणी सदऱ्यावर सांडलं. तो हसत होता, रडत होता, आणि शेजारच्या वाडीची माणसं त्याला आपल्या ओढ्यावर न्यायला खोळंबली होती. पुढं नोकरीत त्यानं मोठाली कामं केली. असा हसताना मात्र मला पुन्हा दिसला नाही.

परवा लोहाऱ्याला त्याच्या घरी गेलो. बोलता बोलता सर आली. पन्हाळीखालचं घंगाळ भरून पाणी अंगणातून रस्त्याकडं धावू लागलं, तशी सलमा उठली.

"चालली बघा कुणाची तरी विहीर!"

मी चमकून तिच्याकडं पाहिलं.

"अब्बा असंच म्हणायचे," ती म्हणाली, आणि भरलेलं घंगाळ बाजूला ओढून तिनं पन्हाळीखाली दुसरं लावलं.