तेलाचे दोन थेंब

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हायमध्ये आमच्या शेजारी एक नागपूरकर काका राहतात. बंदुकीची रिकामी काडतुसं ते गॅरेजमध्ये एका यंत्रावर स्वतः भरतात. यंत्राची लिव्हर ओढली की बंदुकीच्या दारूची मोजकी पावडर काडतुसात पडते आणि काका, नमस्काराला वाकल्यासारखे, प्रत्येकात डोकावतात.

त्या शनिवारी लिव्हर अडकायला लागली. काका चहा आणायला आत गेले, तेवढ्यात मी, पुण्याचा डिग्रीवाला मेकॅनिकल इंजिनिअर, यंत्रात शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. लिव्हर लोण्यासारखी चालली! काका येईपर्यंत मी वीस काडतुसं भरून टाकली. डोकावलो मात्र एकातही नाही.

काकांनी लिव्हर ओढली. ठप्प. यंत्र उघडलं, तर आत पावडरच्या गुठळ्या.

“तेल टाकलं का बे?”

“दोनच थेंब, काका.”

“पावडर चिकटते ना त्यानं! एखाद्यात कमी पडली तर गोळी नळीतच अडकते. पुढची झाडली, की बंदूक हातात फुटते.”

तेवढ्यात काकूंनी दारातून विचारलं, “अहो, जेवायचं नाही का? काय चाललंय?”

“येतो. आज मीच घोळ घातला.”

काकू गेल्या. माझा जीव भांड्यात पडला. काकांनी ती वीस काडतुसं माझ्यापुढे सरकवली.

“एकेक खोलून बघ आता. तुझं ताट इथंच पाठवतो.”