आडातला हंसराज

लातूरच्या आमच्या घराच्या परसात आड आहे. खोली एक्केचाळीस फूट, तोंड सात फुटांचं. जमिनीपासून सहा फूट खाली हंसराज नावाचा नेचा सुरू होतो आणि अकराव्या फुटाला संपतो. त्याखाली उजेड पुरत नाही. काळे, केसासारखे चमकणारे देठ आणि त्यांवर अर्धचंद्रासारखी पानं. फूल नाही, फळ नाही. पानाच्या कडेला मागून तपकिरी भुकटी धरते, तिच्यातूनच नवी रोपं होतात. दगडांच्या सांध्यातला चुना आणि झिरपणारी ओल एवढ्यावर त्याचं भागतं.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर दगडी बांधकामावर कुणाचा भरवसा उरला नव्हता. माझा थोरला भाऊ, अण्णा, आडात डोकावून म्हणाला की भेगेत झाड उगवलंय, आता हा ढासळणार. मी म्हणालो, भेग नव्हे, सांधा. पिंपळाचं मूळ दगड फोडतं. हंसराजाचं दोन इंचही आत जात नाही. नुसतं बोलून भागणार नव्हतं म्हणून दोर बांधून उतरलो आणि आठ सांध्यांवर सिमेंटने काचेच्या पट्ट्या बसवल्या. भिंत हलली तर काच तडकते. दोन वर्षं दर महिन्याच्या एक तारखेला तपासल्या. एकही तडकली नाही.

पुढे शहरात शिकवण्यांची लाट आली. हदगाव-मुदखेडपासून मुलं यायला लागली आणि गल्लीत गोठे होते तिथे खोल्या उभ्या राहिल्या. अण्णाने सहा खोल्यांचा नकाशा काढून आणला, त्यांतल्या दोन आडावर. घर दोघांच्या नावावर, त्यामुळे माझी सही लागत होती. त्याचं म्हणणं सरळ होतं: नळ आला, बोअर झाली, आडाचं काम संपलं. हंसराजच हवा असेल तर कुंडीत लाव. जगला की सही कर. मी बरं म्हणालो. तिथेच चुकलो.

पहिल्या कुंडीत मी शेतातली काळीभोर माती भरली. आमच्याकडे या मातीपुढे दुसरं काही चांगलं असू शकतं हे कुणाच्या मनातच येत नाही. तिने पाणी धरून ठेवलं आणि तीन आठवड्यांत मुळं कुजली. मग पाच कुंड्या केल्या. विटांचा चुरा, जुन्या भिंतीचा चुना आणि कुजलेला पाला, तिन्ही सारखे. कुंड्या न्हाणीमागे उत्तरेला, पाण्याच्या परातीत विटांवर ठेवल्या. दिवाळीपर्यंत हिरव्यागार होत्या. फाल्गुनात पाचही वाळल्या. अण्णाचा चेहरा पडला. मला आतून बरं वाटलं, तेही लिहायलाच हवं. कुंडीत जगला नाही म्हणजे आड वाचला.

शेजारी अत्तारचाचा राहायचे. त्यांचे वडील खोकल्याच्या काढ्यासाठी विहिरींतून हंसराज गोळा करायचे. चाचांनी कुंडीत बोट घालून बघितलं.

“मेलं न्हाई, निजलंय,” ते म्हणाले. “दोन चमचे पाणी देत जा रोज.”

मी कुंड्या उपड्या केल्या असत्या तर कुणी विचारलं नसतं. पाणी दिलं. आषाढात तीन कुंड्यांत मुठीसारखे वळलेले कोंब आले. एकीत तीन, दुसरीत पाच, तिसरीत चार. हे आकडे मीच जाऊन अण्णाला सांगितले. त्याने नकाशा उलगडला आणि पेन पुढे केलं.

“सही करणार नाही,” मी म्हणालो.

“आरं, जगलंय म्हणून तूच सांगायलास की.”

“जगलंय. ते खोटं सांगणार नाही. पण आड बुजवू देणार नाही.”

“मग लोकांनी विचारल्यावर काय सांगू?”

“माझं नाव सांग.”

शब्द मोडला हे मला मान्य आहे. कुंडीतल्या रोपाला रोज मी लागतो, आडातल्याला कुणीच लागत नाही. एवढा फरक मला पुरेसा होता, त्याला नव्हता. सात महिने तो माझ्याशी बोलला नाही.

शेवटी आड सोडून सहाच्या जागी चार खोल्या झाल्या, त्या नकाशावर मी सही केली. मुलं राहणार म्हणून मी आडाचा काठ चार फूट उंच केला आणि वर कुलपाची लोखंडी जाळी बसवली. मिस्त्री पत्र्याचं झाकण टाकू म्हणत होता. मी त्याला परत पाठवलं. उजेड आत जायला हवा.